पांढुरका पडलेला बंपर पुन्हा काळा कसा करावा

इंजिन ठणठणीत, पत्र्याला गंज नाही, आतली आसनेही शाबूत. तरीही गाडी थकलेली दिसते. नवेगाव बांध, अर्जुनी मोरगाव, साकोली या पट्ट्यात अशा गाड्या जागोजागी उभ्या असतात. कुणाची ओम्नी, कुणाची बोलेरो, तर कुणाचा धानाची पोती वाहणारा छोटा हत्ती. नागपुरात आठ-दहा वर्षे चाललेली गाडी इकडे दुसऱ्या मालकाच्या दारात येते आणि पुढची कितीतरी वर्षे इमानेइतबारे चालते. तिचे वय चारचौघांत उघडे पाडतो तो बंपर. कधीकाळी काळाकुळकुळीत असलेले प्लास्टिक राखाडी झालेले असते, त्यावर पांढरे ओघळ उतरलेले असतात आणि चाकावरच्या कमानींवर ढगाळ डाग पडलेले असतात.

हे घरच्या घरी, थोड्या खर्चात दुरुस्त होते. मात्र ज्या घाईने हे काम बहुतेक ठिकाणी उरकले जाते, तिनेच ते बिघडते. तेलाचा हात फिरवला, बंपर काळा झाला, काम संपले, असे वाटते. पहिल्या पावसात तेल उतरते आणि धूळ तेवढी चिकटून राहते. काय खराब झाले आहे ते आधी ओळखले, तर उपाय आपोआप सापडतो.

पूर्व विदर्भाचे ऊन या कामी फार कठोर आहे. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की मेच्या शेवटच्या आठवड्यात नवतपा सुरू होतो. पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळणे इकडे नवलाचे नाही. नागपुरात तर २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती. ही झाली सावलीतल्या हवेची मोजणी. भर दुपारी उन्हात उभ्या असलेल्या काळ्या प्लास्टिकला हात लावून पाहावा, म्हणजे ते हवेपेक्षा किती जास्त तापते ते कळते. तरी मुख्य घाव उष्णतेचा नसतो. तो असतो डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांचा. उष्णता त्यांचे काम वेगाने पुढे नेते.

बंपरला ही पीडा नेहमीच होती असेही नाही. अॅम्बॅसॅडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी यांचे बंपर पोलादी, क्रोमचा मुलामा दिलेले. त्यांना गंज चढे, पण ते फिके पडत नसत. जगात प्लास्टिकचा बंपर घेऊन आलेली पहिली मोठ्या खपाची गाडी म्हणजे १९७२ची रेनॉ ५. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तिच्यामागोमाग प्लास्टिकचा बंपर मध्यमवर्गीय दारात पोचला. आज इको, क्विड किंवा बोलेरोच्या साध्या मॉडेलांत न रंगवलेले काळे प्लास्टिक भरपूर असते. बोलीत सगळे त्याला फायबर म्हणतात. प्रत्यक्षात बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीनचे असतात. त्यात धक्का सोसावा म्हणून ईपीडीएम हे रबर आणि कडकपणा यावा म्हणून टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची पांढरी पूड मिसळलेली असते. बंपरच्या आतल्या बाजूला रोमन अक्षरांत ‘पीपी+ईपीडीएम-टी२०’ अशी खूण सापडते. त्यातला शेवटचा आकडा सांगतो की या मालात २० टक्के टाल्क आहे. रंग वरून लावलेला नसतो, तर काजळीसारखा बारीक कार्बन मूळ मालातच कालवलेला असतो. हा कार्बन रंग देतो आणि अतिनील किरण शोषून प्लास्टिकचे रक्षणही करतो. त्याच्या जोडीला प्रकाशरोधक रसायने घातलेली असतात. ती वर्षांगणिक खर्ची पडतात.

ती संपत आली की किरणांचा मारा थेट पॉलिप्रॉपिलीनच्या लांब साखळ्यांवर होतो. साखळ्या तुटतात, त्या जागी हवेतला ऑक्सिजन येऊन बसतो आणि वरचा पातळ थर ठिसूळ होतो. त्यावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे तडे जातात. प्रकाश या तड्यांवर आपटून विखुरतो आणि काळे प्लास्टिक पांढुरके भासू लागते. पुढे हा थर झिजून गळतो, तेव्हा आतला टाल्क उघडा पडतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी या जातीच्या प्लास्टिकवर प्रकाशाचा काय परिणाम होतो, याचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. गाडीच्या मालकाला त्यातून एक गोष्ट पक्की समजली तरी पुरे: बिघडलेला असतो तो वरचा पातळ थर, खालचा माल बहुधा अजून काळा आणि मजबूत असतो.

हे स्वतः तपासता येते. बंपरचा नंबर प्लेटमागचा भाग पाहावा. प्लेट काढली की तिच्या आकाराचा काळा चौकोन दिसतो, कारण तिथे कधी ऊन पोचलेले नसते. मूळ रंग कसा होता याचा तोच खरा नमुना. मग चाकावरच्या कमानीवर, जिथे पृष्ठभाग खडबडीत दाणेदार आहे तिथे, डोळा अगदी जवळ न्यावा. दाण्यांचे माथे पांढरे आणि मधल्या खाचा अजून काळ्या, असे चित्र दिसेल. बोट दाबून फिरवले तर त्यावर फिकी भुकटी येते. गाडी रोज एकाच दिशेला तोंड करून उभी राहत असेल, तर दक्षिणेकडची किंवा पश्चिमेकडची बाजू जास्त उतरलेली आढळेल. दोन्ही बाजूंतला हा फरक पाहिला की उन्हाचा हिशेब समोर उभा राहतो.

पण प्रत्येक पांढरेपणा उन्हाचा नसतो. बोअरच्या जड पाण्याने गाडी धुऊन ती उन्हात वाळू दिली की क्षारांचे गोल डाग राहतात. पांढरा शिरका आणि पाणी समसमान घेऊन, त्यात भिजवलेले फडके दोन मिनिटे डागावर ठेवून पुसावे आणि जागा लगेच भरपूर पाण्याने धुवावी. डाग गेला तर तो क्षारांचा होता. दुसरा प्रकार पॉलिशचा. पत्र्याला मेणाचे पॉलिश करताना फडके निसटून दाणेदार प्लास्टिकवर गेले की पॉलिश खाचांत बसते आणि वाळून पांढरे होते. त्यावर कोमट साबणपाणी आणि जुना दात घासायचा ब्रश पुरतो. शाळेतले साधे खोडरबरही हलक्या हाताने चालते. या दोन्हींनंतर जे राहते, ते उन्हाने केलेले नुकसान. कित्येकदा या तपासणीतच अर्धा बंपर सुधारतो आणि रंगाचा खर्च वाचतो.

मालकाने एवढे पाहिले की पुढचा मोह आवरायचा असतो तो तेलाचा.

नवेगाव बांधच्या परिसरात धानाच्या बांध्यांत ओल असताना लाखोळी आणि जवस पेरण्याची जुनी पद्धत आहे. त्यामुळे जवसाचे तेल अनेक घरांत असते आणि ते प्लास्टिकला लावण्याची युक्तीही ऐकायला मिळते. युक्तीत तथ्य आहे. खोबरेल किंवा सरकीचे तेल ओलेच राहते. जवसाचे तेल मात्र हवेत हळूहळू घट्ट होऊन पापुद्रा धरते, म्हणून ते जास्त टिकते. पण हा पापुद्रा वाळेपर्यंत मुरमाची तांबडी धूळ त्यात रुतून बसते, पुढे तो पिवळा पडतो आणि त्यावर खरा रंग धरत नाही. याहून गंभीर धोका चिंध्यांचा आहे. जवसाच्या तेलाने भिजलेला बोळा वाळताना स्वतः तापतो; कोपऱ्यात गोळा करून टाकला तर काडी न लावता पेटू शकतो. ज्यांनी हे तेल वापरलेच असेल त्यांनी फडकी पसरून मोकळ्या जागी वाळवावीत, किंवा पाण्यात बुडवून बंद डब्यात ठेवावीत. गोठा, तणसाचा ढीग आणि धानाची पोती यांच्याजवळ तर ती क्षणभरही ठेवू नयेत.

डिझेल, रॉकेल आणि जळके ऑइल यांचा वापर सर्रास होतो. तो थांबवायला हवा. खनिज तेलाने ईपीडीएम रबर फुगते आणि सैल पडते. हे रबर बंपरच्या मालात असते, तसेच दारांच्या कडेच्या बीडिंगमध्येही असते. बंपर चमकवायला गेलेले डिझेल ओघळून बीडिंगपर्यंत पोचले, तर पुढे पावसाळ्यात दारातून पाणी झिरपण्याचे कारण तेच ठरू शकते. बूट पॉलिशने त्या मानाने कमी नुकसान होते, पण पहिल्या सरीत त्याचे काळे ओघळ पत्र्यावर उतरतात. थिनर पॉलिप्रॉपिलीनला फारसे काही करत नाही, मात्र पुढची जाळी किंवा आरशाचे कव्हर एबीएस प्लास्टिकचे असेल, तर ते थिनरने लगेच चिकट होते आणि त्यावर बोटांचे ठसे कायमचे उमटतात.

हीट गन फिरवून बंपर काळा करून दाखवणारे व्हिडिओ पाहून अनेकांना तो प्रयोग करावासा वाटतो. काळा रंग परत येतो हे खरे, कारण तड्यांनी भरलेला वरचा थर वितळून सपाट होतो. पण किरणांना रोखणारी रसायने त्याने परत येत नाहीत. एक-दोन उन्हाळ्यांत पांढरेपणा पुन्हा उगवतो आणि प्रत्येक वेळी दाणे थोडे अधिक बुजतात. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळते, तर हीट गनची हवा सहज त्याच्या दुप्पट गरम असते. क्षणभर हात थांबला की बंपरला लाट पडते आणि शेजारच्या पत्र्याच्या रंगाला फोड येतात. गॅसची बत्ती घेऊन हे करणे तर पेट्रोलच्या टाकीजवळ आगीशी खेळणे आहे. बत्ती कुणीच वापरू नये. हीट गनही अनुभवी हातातच असावी.

आता खऱ्या कामाकडे. त्याला मुहूर्त लागतो, आणि तो हवामानाचा असतो. ज्येष्ठात प्लास्टिक इतके तापते की औषध पसरण्याआधीच सुकते. आषाढ-श्रावणात हवेतली ओल रंगाला धरू देत नाही. दिवाळी ते होळी हा काळ सर्वांत चांगला. त्यातही एक अडचण इकडचीच आहे: नोव्हेंबर-डिसेंबरात धानाची मळणी चालू असते आणि हवेत कोंडा, भुसा तरंगत असतो. ओल्या रंगावर तो बसला की पुन्हा घासण्यावाचून गत्यंतर नाही. खळ्यापासून आणि राइस मिलपासून दूर, वारा पडलेला असताना, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास काम सुरू करावे. झाडाखाली करू नये. पानांतून चीक आणि पाखरांची विष्ठा पडते. पडवी किंवा हवेशीर शेड उत्तम. बंपरला हाताची उलटी बाजू सहज टेकवता आली, तर तापमान योग्य आहे असे समजावे.

धुण्याची जागा निवडताना तलावाकडे पाठ फिरवावी. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगतात. या तलावाभोवतीचे जंगल १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग बनले. हिवाळ्यात, म्हणजे नेमक्या याच कामाच्या हंगामात, परदेशी बदके आणि पाणपक्षी या पाण्यावर उतरतात. मारुती चितमपल्ली यांनी ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक ज्या पाण्याच्या आणि पाखरांच्या सहवासावर लिहिले, त्याच काठावर गाडी नेऊन ग्रीसचा आणि डिटर्जंटचा फेस पाण्यात सोडणे हा सरळ अपराध वाटावा. घरच्या अंगणात, दोन बादल्यांत, विहिरीपासून लांब हे काम नीट होते. साबणाचे पाणी नालीतून तलावाकडे जात असेल, तर ते मातीत जिरेल अशी जागा शोधावी.

आधी नुसत्या पाण्याने माती सोडवून घ्यावी, म्हणजे मुरमाचे खडे घासताना ओरखडे काढत नाहीत. मग मऊ ब्रश आणि साबण. एरवी गाडीला भांड्यांचा साबण लावू नये असे सांगतात आणि ते बरोबर आहे, कारण तो पत्र्यावरचे मेण काढून टाकतो. इथे मात्र जुने तेल आणि सिलिकोन काढायचेच आहे, म्हणून फक्त बंपरपुरता तो चालतो. दोनदा धुवावे. पूर्ण वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे मिसळून पांढऱ्या सुती फडक्याने पुसावे. हे अल्कोहोल औषधांच्या दुकानात मिळते. करोनाच्या काळात घरात आलेले सॅनिटायझर त्याऐवजी वापरू नये. त्यातल्या ग्लिसरीनचा थर मागे राहतो. फडके काळे येणे बंद होईपर्यंत बाजू बदलत पुसत राहावे. शेवटी पांढुरक्या भागावर थोडे पाणी शिंपडून पाहावे. पाणी पसरले तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. थेंब गोळा होऊन घरंगळू लागले, तर जुने सिलिकोन अजून तिथेच आहे आणि धुण्याची आणखी एक फेरी बाकी आहे.

या टप्प्याला जितका वेळ द्यावा तितका थोडाच. पुढचे सगळे यावर उभे असते.

इथून तीन वाटा फुटतात. पहिली ड्रेसिंगची. बाजारात मिळणारी ट्रिम ड्रेसिंग बहुधा सिलिकोनची असतात. पाण्यात मिसळलेली घ्यावीत, ती कमी चिकट असतात. स्पंजवर थोडे घेऊन पातळ लावावे, दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. जास्त लावल्याने जास्त टिकत नाही, धूळ मात्र जास्त बसते. काही आठवडे गाडी चांगली दिसते. लग्नाला न्यायची असेल किंवा नुकसान अगदी कोवळे असेल, तर एवढे पुरते. क्लच-ब्रेकच्या पॅडलवर आणि टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर हे चुकूनही लागू देऊ नये.

दुसरी वाट काळे रंगद्रव्य असलेल्या ट्रिम रिस्टोररची किंवा सिरॅमिक ट्रिम कोटिंगची. हे द्रव तड्यांत शिरून तिथेच घट्ट होतात आणि पावसाने उतरत नाहीत. बंपर पांढुरका असला तरी दाणे शाबूत असतील, तर बहुतेक मालकांनी हीच वाट धरावी. शेजारच्या पत्र्याला मास्किंग टेप लावावी, हातमोजे घालावेत आणि एका वेळी वीतभर भाग करावा. आधी नंबर प्लेटमागच्या किंवा खालच्या कडेच्या भागावर थोडे लावून पाहावे. काही द्रवांनी प्लास्टिक ओले दिसावे इतके चमकते. ते सगळ्यांना आवडत नाही. डब्यावर लिहिलेला वाळण्याचा वेळ पाळावा आणि तोवर गाडीला दव लागू देऊ नये. हिवाळ्यात इकडे पहाटे दव भरपूर पडते, म्हणून ती रात्र गाडी छपराखालीच हवी.

तिसरी वाट रंगाची. दाणे झिजून गेले असतील, आधीच्या कुणी मारलेल्या रंगाचे पापुद्रे सुटत असतील, किंवा ओरखडे खोल असतील, तेव्हाच ती धरावी. पॉलिप्रॉपिलीनवर रंग स्वभावतः धरत नाही. पत्र्यावर चालणारा प्रायमर आणि वर काळा रंग मारून दिला, की सहा महिन्यांत नख लावताच पट्ट्या निघतात. त्यासाठी प्लास्टिक प्रायमर लागतो. काही ठिकाणी तो अॅडहेजन प्रमोटर या नावाने मिळतो. त्यातले क्लोरिनयुक्त पॉलिमर एका बाजूने प्लास्टिकला आणि दुसऱ्या बाजूने रंगाला धरतात. रंगाच्या दुकानात नुसता प्रायमर मागितला तर पत्र्याचा मिळेल. पीपी बंपरसाठी हवा आहे, हे स्पष्ट सांगावे.

शक्य असेल तर पट्टी किंवा कमान गाडीवरून उतरवून घ्यावी. जुन्या क्लिपा थंडीत पटकन तुटतात, म्हणून हे काम ऊन चढल्यावर करावे आणि नव्या क्लिपा आधीच आणून ठेवाव्यात. दाणेदार पृष्ठभाग वॉटर पेपरने घासू नये; कागद फक्त माथे खातो आणि खाचा तशाच सोडतो. त्याला राखाडी रंगाची बारीक घासणी हवी. स्वयंपाकघरातली हिरवी घासणी फार खरखरीत पडते. सपाट बंपर असेल तर ४०० नंबरच्या वॉटर पेपरने सुटे पापुद्रे काढावेत आणि ८०० नंबरच्या पेपरने, पाणी लावत, जुन्या रंगाची कड बोटाला लागणार नाही इतकी उतरवावी. ही कड राहिली तर नव्या रंगाखालून ती रेघ बनून वर दिसते. मग पुन्हा धुणे, वाळवणे आणि अल्कोहोलने पुसणे.

प्लास्टिक प्रायमरचा एक पातळ हात मारावा. तो पारदर्शक असतो, त्यामुळे मारला की नाही ते दिसत नाही. म्हणून उजेडाकडे तिरपे बघत काम करावे. त्यानंतर रंग किती वेळात मारायचा ते डब्यावर दिलेले असते. तो वेळ उलटला तर पकड कमी होते. रंग मॅट किंवा सॅटिन काळा घ्यावा. पूर्ण चमकदार काळा जुन्या प्लास्टिकचे सगळे दोष उघडे करतो. डबा दोन मिनिटे खळखळ हलवावा, २० ते २५ सेंटीमीटर अंतर ठेवावे, फवारा बंपरच्या कडेबाहेर सुरू करून पलीकडच्या कडेबाहेर संपवावा. पहिला हात इतका पातळ असावा की खालचे प्लास्टिक दिसत राहील. दहा-दहा मिनिटांनी असे तीन-चार हात मारले की रंग भरतो. एकाच हातात भरायला गेले की ओघळ येतात, आणि दाण्यांमधल्या खाचा बुजून बंपर डांबर फासल्यासारखा दिसतो. टेप रंग अर्धवट ओला असतानाच, आपल्याकडे तिरपी ओढत काढावी. हाताला कोरडे लागले तरी आतून पक्के व्हायला आठवडा जातो. तोवर गाडी धुऊ नये.

तोंडाला बांधलेला दुपट्टा उन्हापासून वाचवतो, रंगाच्या वाफेपासून नाही. वाफ अडवणारा कार्बन कार्ट्रिजचा मास्क घ्यावा आणि चूल, बिडी, वेल्डिंग यांपासून दूर काम करावे. गॅरेजमध्ये हार्डनर मिसळून मारला जाणारा रंग अधिक टिकाऊ असतो, पण त्यात आयसोसायनेट असतात. त्यांनी कायमचा दमा जडू शकतो. असा रंग घरच्या अंगणात मारू नये, आणि पेंटर तो मारत असताना मुलांना शेजारी उभे राहू देऊ नये. मागच्या बंपरमध्ये पार्किंगचे सेन्सर असतील तर त्यांच्यावर टेप लावून मगच रंग मारावा. जाड थराने ते चुकीचे इशारे देऊ लागतात.

पेंटरकडे गाडी द्यायची असेल, तर त्याला एक माहिती मोकळेपणाने द्यावी: बंपरला आधी काय काय लावले आहे. सिलिकोनचा अंश राहिलेल्या जागी ओला रंग आकसतो आणि गोल खड्डे पडतात. याला कारागीर फिश आय म्हणतात. ही गोष्ट त्याला आधी कळली तर तो जास्त वेळ साफसफाईला देतो. नंतर कळली तर सगळा रंग उतरवावा लागतो. प्लास्टिक प्रायमर मारणार का, हेही आधीच विचारावे आणि त्याचा डबा पाहावा. काम झाल्यावर आठवड्याने, खालच्या न दिसणाऱ्या कडेवर ब्लेडने बारीक चौकटी आखून त्यावर पॅकिंगची टेप घट्ट दाबावी आणि झटक्यात ओढावी. रंग टेपला चिकटून आला, तर पकड बसलेली नाही. रंगाच्या पकडीची ही चाचणी उद्योगातही याच तत्त्वावर होते.

गाडीच्याच रंगाचा बंपर फिका पडला असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे प्लास्टिक शाबूत असते. वरचा पारदर्शक लॅकर किंवा त्याखालचा रंग उतरलेला असतो. नुसता निस्तेज झाला असेल तर बारीक रबिंग कंपाउंडने हलक्या हाताने घासून वर मेणाचे पॉलिश केले की फरक पडतो. लॅकरच्या खपल्या निघत असतील, तर तेवढ्या भागाला ठिगळ लावून उपयोग नाही, पूर्ण बंपर घासून रंगवावा लागतो. रंगाचा कोड इंजिनाजवळच्या किंवा दाराच्या खांबावरच्या पट्टीवर असतो. गोंदिया किंवा नागपूरला रंग बनवून घेताना कोडबरोबर पेट्रोलच्या टाकीचे झाकणही नेता आले तर न्यावे, कारण दहा वर्षे ऊन खाल्लेल्या पत्र्याची छटा कोडमधल्या छटेपासून सरकलेली असते. लाल गाड्यांत हा फरक विशेष जाणवतो.

पुढची निगा सोपी आहे. गाडी रोज उलटसुलट तोंडाने उभी करावी, म्हणजे ऊन दोन्ही बाजूंना वाटले जाते. दुपारी बाराच्या पुढे बंपरवर थेट ऊन येणार नाही अशी जागा निवडावी. भिंतीची सावली कापडी कव्हरपेक्षा बरी. कव्हरखाली मुरमाची धूळ राहिली तर वाऱ्याने तीच घासणीचे काम करते. धुतल्यावर बोअरचे पाणी अंगावर वाळू देऊ नये. अतिनील किरण रोखणारे ड्रेसिंग दर दोन महिन्यांनी, आणि नवतपाच्या आधी एकदा नक्की, लावावे. रंगवलेल्या बंपरला मात्र सिलिकोनऐवजी मेण वापरावे.

काही बंपर यातल्या कशानेही सुधारत नाहीत. कडेचा न दिसणारा भाग अंगठ्याने हलकेच वाकवून पाहावा. तो लवचीकपणे परत आला तर माल जिवंत आहे. कटकट आवाज होऊन पांढरी रेघ उमटली, किंवा स्क्रूच्या भोकांभोवती तडे दिसले, तर ठिसूळपणा खोलवर गेला आहे आणि त्यावर घातलेला पैसा वाया जाईल. जुन्या मॉडेलांचे सुटे बंपर भंगारात आणि सुट्या भागांच्या दुकानांत मिळतात. जुना घेताना आतली खूण वाचावी, माउंटिंगची भोके तपासावीत, सूर्याकडे धरून बारीक तडे शोधावेत. नवा, न रंगवलेला घेतला तरी तो साच्यातून काढताना लागलेले वंगण अंगावर घेऊनच येतो, म्हणून तोही साबणाने आणि अल्कोहोलने धुऊन घ्यावा. मग संरक्षक कोटिंग गाडीला लावण्याआधी, बंपर जमिनीवर असतानाच चढवावे. तेव्हाच कडा, खाचा आणि आतल्या वळणांपर्यंत हात पोचतो.